चष्म्याच्या दुकानातील मदतनीस

बारावीचा निकाल लागला की शेतकरी घरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो. मुलगी पास झाली, पण पुढे कॉलेजला पाठवण्याची ऐपत नाही. जमिनीचा तुकडा भावांनाच पुरत नाही. शहरातल्या एका चष्मेवाल्याला दुकानात माणूस हवे आहे. पाठवावे की नाही? तेथे शिकण्यासारखे काही आहे, की नुसते काच पुसणे आणि गिऱ्हाइकाला पाणी देणे?

दुसरा प्रश्न वयस्क मंडळींचा असतो. डॉक्टरांनी डोळे तपासून नंबर दिला, पैसे मोजून चष्मा करून घेतला. पण तो घातला की डोके दुखते, पायरी वर-खाली दिसते, बांधावर पाय चुकतो. शेवटी चष्मा पेटीत पडून राहतो आणि नंबरच चुकला असे आपण म्हणतो. खरा दोष कुठे असतो?

हे दोन प्रश्न वेगळे दिसले तरी त्यांचे उत्तर एकाच जागी सापडते. डॉक्टरांनी दिलेला नंबर कागदावर असतो. तो कागदावरून डोळ्यापर्यंत नेण्याचे काम चष्म्याच्या दुकानात होते, आणि लहान दुकानात ते बहुतेक मदतनिसाच्या हातून होते. हे काम नीट समजून घेतले तर मुलामुलींना धंद्याची माहिती होईल आणि आपल्यालाही आपला चष्मा पारखून घेता येईल.

कोणाचे काम कोणते?

प्रथम चार माणसांतला फरक ओळखू या. नेत्रतज्ज्ञ हे डॉक्टर असतात. रोगाचे निदान, औषध आणि शस्त्रक्रिया हे त्यांचे काम. ऑप्टोमेट्रिस्ट हा डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढण्याचे पदवीचे शिक्षण घेतलेला माणूस. हा अभ्यासक्रम प्रत्यक्ष कामाचे एक वर्ष धरून ४ वर्षांचा असतो. २०२१ साली संसदेने आरोग्यसेवेतील सहायक व्यवसायांसाठी जो कायदा केला, त्यात या व्यवसायाचाही समावेश आहे. तिसरा चष्मेवाला, म्हणजे दिलेल्या नंबरावरून चष्मा तयार करून देणारा. आणि चौथा त्याच्या हाताखालचा मदतनीस.

मोठ्या कंपन्यांच्या दुकानांत ही कामे वाटून दिलेली असतात. एकजण फ्रेम दाखवतो, दुसरा पैसे घेतो, काचा दूरच्या कारखान्यात बसवल्या जातात. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशा स्वतंत्र दुकानात मात्र मदतनिसाला सारेच करावे लागते. गिऱ्हाइकाचे नाव आणि जुना नंबर वहीत लिहिणे, फ्रेम निवडायला मदत करणे, मापे घेणे, काचा मागवणे, आलेल्या काचा तपासणे, फ्रेम चेहऱ्यावर बसवून देणे, सैल स्क्रू घट्ट करणे आणि राहिलेल्या पैशाचा हिशेब ठेवणे. काम पुष्कळ पडते खरे, पण शिकायलाही येथेच अधिक मिळते.

नंबराचा कागद वाचणे

मदतनिसाला पहिल्या महिन्यातच नंबराचा कागद वाचता आला पाहिजे. लहानपणी आपण भिंग उन्हात धरून कागद जाळण्याचा खेळ खेळलो आहोत. जे भिंग १ मीटरवर ऊन एकवटते त्याचा नंबर १. अर्ध्या मीटरवर एकवटले तर २, पाव मीटरवर एकवटले तर ४. या मापाला डायॉप्टर म्हणतात. ऊन एकवटणारे भिंग प्लसचे, पसरवणारे मायनसचे. लांबचे दिसत नाही त्याला मायनस लागतो. चाळिशीनंतर जवळचे दिसत नाही त्याला प्लस. नंबर साधारणपणे पाव-पाव डायॉप्टरने वाढतो, म्हणून कागदावर ०.२५, ०.५०, ०.७५ असे आकडे दिसतात.

त्यापुढे काही कागदांवर आणखी एक नंबर आणि त्याच्या शेजारी १ ते १८० मधला एक आकडा असतो. याला सिलिंडर नंबर म्हणतात. काहींच्या बुबुळाचा पुढचा पडदा चेंडूसारखा सारखा गोल नसतो. आडव्या ठेवलेल्या नारळासारखा एका दिशेने कमी आणि दुसऱ्या दिशेने अधिक वळलेला असतो. म्हणून काचेतही एकाच दिशेला ताकद द्यावी लागते, आणि ती दिशा अंशांत लिहिलेली असते. ही दिशा १० अंशांनी जरी फिरली तरी सिलिंडरचा सुमारे एक-तृतीयांश दोष तसाच राहतो. ३० अंशांनी फिरली तर त्या सिलिंडरचा काहीच उपयोग होत नाही.

आता आपल्याकडची सवय पाहा. गोल फ्रेमचा स्क्रू सैल होतो, काच खुळखुळते, आपण दोरा बांधून काम चालवतो. त्या गोल फ्रेममध्ये काच फिरत राहते. नंबर तोच, काच तीच, पण दिशा बदलली की डोके दुखणारच. पाच मिनिटांच्या कामासाठी दुकानात न गेल्यामुळे पुरा चष्मा वाया जातो.

मापातली चूक

कागदावर नंबर असतो, पण काचेचा मध्य कुठे यावा हे पुष्कळदा लिहिलेले नसते. ते माप दुकानातच घ्यावे लागते. दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्यांमधील अंतराला पी.डी. म्हणतात. मोठ्या माणसांत ते बहुधा ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असते. लांब पाहताना ते जितके असते त्यापेक्षा जवळ वाचताना सुमारे ३ मिलिमीटरने कमी होते, कारण जवळ पाहताना दोन्ही डोळे आत वळतात.

हे माप चुकले तर काय होते याचे एक उदाहरण घेऊ. फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असे आकडे छापलेले असतात. ५२ ही एका काचेची रुंदी, १८ हे नाकावरच्या पुलाचे अंतर आणि १४० ही काडीची लांबी, सारे मिलिमीटरमध्ये. ५२ आणि १८ मिळून ७० झाले. म्हणजे या फ्रेममध्ये दोन काचांचे मध्य एकमेकांपासून ७० मिलिमीटरवर आहेत. समजा, गिऱ्हाइकाचा पी.डी. ६२ आहे. तर प्रत्येक काचेचा मध्य ४ मिलिमीटर नाकाकडे सरकवून बसवला पाहिजे. मदतनिसाने माप न घेता काच फ्रेमच्या मध्यावरच बसवायला पाठवली आणि नंबर मायनस ५ असला, तर प्रत्येक डोळ्यासमोरचे दृश्य १ मीटरवर २ सेंटिमीटरने सरकते. दोन्ही डोळ्यांना मिळून एक चित्र पाहण्यासाठी बाहेरच्या बाजूला ताण घ्यावा लागतो. दिवसभर असे झाले तर संध्याकाळी कपाळ दुखेल नाहीतर काय? नंबर १ असेल तर एवढीच चूक फारशी जाणवत नाही. जितका नंबर मोठा, तितके मापाला महत्त्व अधिक.

वर-खालीची चूक तर याहूनही वाईट. डोळे आडव्या दिशेची थोडी चूक सांभाळून घेतात. उभ्या दिशेची घेत नाहीत. एक काच वर आणि एक खाली बसली की एका वस्तूच्या दोन दिसू लागतात. म्हणून चांगला मदतनीस फ्रेम आधी चेहऱ्यावर नीट बसवतो आणि मगच मापे घेतो. माप घेताना तो गिऱ्हाइकाच्या समोर सारख्या उंचीवर बसतो. उभ्याने, वरून पाहून, घाईघाईत माप घेणाऱ्याचे माप खरे मानू नये.

काका, दिवसभर काम कोणते करता?

मला विचाराल तर सबंध दुकानात याहून मोलाचा प्रश्न नाही. चाळिशीला आपल्या भाषेत नावच चाळिशी पडले आहे, इतका हा अनुभव जुना. वयाच्या चाळिशीच्या आसपास डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होऊ लागते आणि जवळ पाहताना ते पूर्वीसारखे फुगत नाही. मग सुईत दोरा ओवता येत नाही, प्रार्थनेचे पुस्तक हात लांब करून धरावे लागते. हा रोग नव्हे, सर्वांनाच होतो. सुरुवातीला प्लस १ च्या आसपासचा नंबर पुरतो. साठीच्या सुमारास तो अडीचपर्यंत जातो. अडीचच का? कारण अडीच नंबराचे भिंग ४० सेंटिमीटरवरचे स्पष्ट दाखवते, आणि आपण पुस्तक साधारण तेवढ्याच अंतरावर धरतो.

पण शेतकरी दिवसभर पुस्तक वाचत नाही. आंब्या-काजूचे कलम बांधणारा माणूस ६०-७० सेंटिमीटरवर पाहतो. त्याला अडीचचा चष्मा दिला तर कलमाची काठी पुसट दिसेल. त्याला दीडच्या आसपास लागेल. मदतनिसाने हे विचारून घेतले आणि नंबर काढणाऱ्याला सांगितले तर चष्मा कामाचा होतो. न विचारले तर तो फक्त वर्तमानपत्रापुरता राहतो.

हातकामाला चष्म्याने किती फरक पडतो याचा एक चांगला पुरावा आपल्याच देशातला आहे. आसामच्या चहाच्या मळ्यांत ४० वर्षांवरील ७५१ मजुरांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या मजुरांना लगेच जवळचा चष्मा दिला, अर्ध्यांना प्रयोग संपल्यावर. चष्मा मिळालेल्यांची दिवसाची पानतोड सुमारे २५ किलोवरून जवळजवळ ३५ किलोवर गेली. चष्मा नसलेल्यांची २६ वरून ३०-३१ वर गेली. दोन्ही गटांच्या वाढीतला फरक सुमारे २२ टक्क्यांचा होता. ही माणसे लिहिणारी-वाचणारी नव्हेत, बोटांनी पाने खुडणारी आहेत. भाजी निवडणे, मिरची खुडणे, बियाणे पाखडणे, औषधाच्या बाटलीवरचे प्रमाण वाचणे, ही आपली कामे याच जातीची आहेत. शेतावर चष्मा शोभत नाही, असे म्हणून जो डोळे ताणत राहतो तो स्वतःची मजुरी कापून घेतो.

बायफोकल आणि बांध

वर लांबचा आणि खाली जवळचा नंबर असलेल्या काचेला बायफोकल म्हणतात. प्रोग्रेसिव्ह काचेत रेघ दिसत नाही, नंबर वरून खाली हळूहळू बदलतो. ही काच १९५९ साली फ्रान्समध्ये प्रथम बाजारात आली. दोन्ही सोयीच्या आहेत, पण दोन्हींमध्ये खाली पाहिले की पाय जवळच्या नंबरातून दिसतात. तो नंबर ४० सेंटिमीटरसाठी असतो आणि आपले पाय तर दीड मीटरवर असतात. त्यामुळे बांध, पायरी, विहिरीचा काठ पुसट दिसतो.

ऑस्ट्रेलियात सहाशेहून अधिक वृद्धांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, नेहमी बाहेर हिंडणाऱ्या वृद्धांना चालण्यासाठी फक्त लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा दिला तर त्यांचे पडणे कमी होते. जे क्वचितच बाहेर पडतात त्यांना मात्र असा बदल मानवला नाही, त्यांचे बाहेर पडणे-धडपडणे उलट वाढले. म्हणून सर्वांना एकच सल्ला देता येत नाही. रोज शेतावर जाणाऱ्या साठीच्या माणसाने चालायला एक आणि वाचायला एक असे दोन साधे चष्मे केले तर ते पुष्कळदा एका महागड्या चष्म्यापेक्षा बरे पडतात. बायफोकलच हवा असेल तर खालच्या तुकड्याची वरची कड साधारणपणे खालच्या पापणीच्या रेषेत येते. बांधावरून चालणाऱ्यासाठी ती एक-दोन मिलिमीटर खाली ठेवता येते. मदतनिसाने हे माप फ्रेम घालून, गिऱ्हाइकाला नेहमीसारखे उभे करून घ्यावे.

काच आली, पुढे काय?

काचा तयार होऊन आल्या की खरी परीक्षा सुरू होते. लेन्समीटर नावाच्या यंत्रावर काच ठेवली की तिचा नंबर, सिलिंडरची दिशा आणि मध्यबिंदू कळतो. यंत्र काचेवर शाईचे ठिपके देते. मदतनिसाने कागदावरचा नंबर आणि यंत्रावरचा नंबर ताडून पाहावा आणि ठिपक्यांमधले अंतर पट्टीने मोजून पी.डी.शी जुळवावे. उजवी काच डावीकडे तर बसली नाही ना, हेही पाहावे. लहान नंबरांत पाव डायॉप्टरच्या निम्म्याहून अधिक फरक असेल तर काच परत पाठवण्याजोगी समजावी. हे पाच मिनिटांचे काम आहे, आणि गर्दीच्या दिवशी नेमके हेच गाळले जाते.

त्यानंतर फ्रेम बसवणे. चष्मा टेबलावर उलटा ठेवून डगमगतो का ते पाहावे. प्लॅस्टिकची काडी थोडी गरम करून कानामागे वाकवतात. नाकावरचे पॅड दोन्ही बाजूंना सारखे टेकले पाहिजेत. खाली वाकून भात लावणाऱ्या बाईचा चष्मा घसरता कामा नये. म्हणून तिला दुकानातच एकदा वाकून दाखवायला सांगावे. मोठ्या नंबराच्या माणसाचा चष्मा डोळ्यापासून दूर घसरला तर नंबरच बदलल्यासारखा होतो.

काचेच्या निवडीविषयी थोडे. आजच्या बहुतेक काचा प्लॅस्टिकच्या असतात. हलक्या, पण ओरखडा लवकर पडणाऱ्या. पॉलिकार्बोनेट नावाची काच आघाताला बळकट असते. मुलांसाठी आणि एकच डोळा चांगला असलेल्यांसाठी ती घ्यावी. मात्र गवत कापण्याचे यंत्र, मळणी, लाकूड फोडणे किंवा वेल्डिंग करताना नेहमीचा चष्मा हे संरक्षण नव्हे. त्यासाठी बाजूने बंद असलेला सुरक्षेचा चष्मा वेगळा मिळतो.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचा हल्ली आग्रहाने विकल्या जातात. २०२३ साली कोक्रेन संस्थेने १७ प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा या काचांनी संगणकावर काम करणाऱ्यांच्या डोळ्यांचा ताण थोड्या काळात तरी कमी होतो असे आढळले नाही. मग शेतकऱ्याच्या माथी त्या कशाला? येथे मदतनिसाच्या सचोटीची कसोटी लागते. मालक विक्रीवर कमिशन देत असेल तर महाग काच खपवण्याचा मोह होतोच. पण लहान गावात गिऱ्हाईक एकदा फसले की सारे गाव दुसरीकडे जाते.

येथे थांबावे, डॉक्टरकडे पाठवावे

मदतनीस डॉक्टर नव्हे, आणि कोणी तसे म्हणू लागले तर त्याने ते म्हणू देऊ नये. पण दुखणाऱ्या डोळ्यांचा माणूस पुष्कळदा आधी त्याच्याच समोर येतो. म्हणून कोणाला लगेच पाठवायचे हे त्याला पाठ असावे.

डोळ्यात भाताचे पाते, कुसळ किंवा उसाचे पान लागून डोळा लाल झाला, पाणी येऊ लागले, बुबुळावर पांढरा ठिपका दिसू लागला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे. शेतातल्या अशा जखमेतून बुरशी आत शिरते आणि बुबुळावर कायमचे फूल पडते. अशा डोळ्यात मध, दूध, झाडपाल्याचा रस घालू नये. औषधाच्या दुकानातून कोणी दिलेले स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच घालू नयेत, त्याने बुरशी वाढते. चष्म्याच्या दुकानाने थेंब देऊ नयेत आणि आपणही मागू नयेत.

अचानक दिसेनासे झाले, डोळ्यापुढे विजेसारखे चमकू लागले, पडदा आल्यासारखा वाटला, एकाचे दोन दिसू लागले, किंवा डोळा दुखून उलटी झाली आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसली, तर चष्म्याची गोष्टच काढू नये. थेट दवाखाना गाठावा.

दुसरी एक फसवी गोष्ट आहे. साठी-सत्तरीचे आजोबा आनंदाने सांगतात, "आता मला चाळिशीशिवाय वाचता येते, दृष्टी परत आली!" मोतीबिंदू धरू लागला की काहींच्या डोळ्याचा नंबर मायनसकडे सरकतो आणि जवळचे काही काळ बरे दिसते. लांबचे मात्र बिघडत जाते. त्यांना तपासणीला पाठवावे. मधुमेह असलेल्या माणसाची साखर वर-खाली होत असेल तर नंबरही बदलत राहतो. साखर आटोक्यात आल्यावरच नवा चष्मा करावा. शिवाय मधुमेहाने डोळ्याच्या मागचा पडदा खराब होतो आणि तो बिघाड चष्म्याने सुधारत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा पडद्याची तपासणी हवी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर चाळिशीनंतर भावंडांनीही डोळ्यांचा दाब आणि मागची नस तपासून घ्यावी, कारण काचबिंदू बहुधा न दुखता दृष्टी नेतो आणि गेलेली परत येत नाही. बाजारातला तयार चष्मा घेऊन काम भागते, पण हे रोग त्याच्या आड लपून राहतात.

लहान मुलांच्या बाबतीत तर नुसत्या यंत्रावर काढलेल्या नंबरावर विसंबू नये. मुलांचा नंबर बहुधा डोळ्यात थेंब घालून तपासावा लागतो. एका डोळ्याने कमी दिसणारे मूल कधी तक्रार करत नाही. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर तो डोळा सुधारण्याची आशा अधिक असते.

शिक्षण कसे मिळेल?

चष्म्याच्या इतिहासातली एक गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मा प्रथम तयार झाला. १३०६ साली फ्लोरेन्समध्ये दिलेल्या प्रवचनात जोर्दानो नावाच्या डोमिनिकन धर्मगुरूंनी सांगितले की, या कलेचा शोध लागून २० वर्षेही झालेली नाहीत. पिसा शहरातील त्यांच्या मठाच्या बखरीत अलेस्सांद्रो देला स्पिना या मठवासीयाची नोंद आहे. ज्याने प्रथम चष्मा केला त्याला ती कला कोणाला द्यायची नव्हती. अलेस्सांद्रोने स्वतः तो करून पाहिला आणि आनंदाने सर्वांना शिकवला. १३१३ साली तो वारला.

आजही दुकानांत दोन्ही प्रकारचे मालक भेटतात. म्हणून मुलीला कामाला पाठवण्यापूर्वी आई-वडिलांनी मालकाला भेटून काही गोष्टी स्पष्ट विचाराव्यात. लेन्समीटर चालवायला, पी.डी. घ्यायला, काच बसवायला शिकवणार का, की दोन वर्षे फक्त शोकेस पुसून घेणार? पगार किती, कोणत्या तारखेला? आठवड्याची सुटी कोणती? संध्याकाळी दुकान किती वाजता बंद होते आणि गावाची शेवटची बस मिळेल का? नोकरीचे पत्र मिळेल का? सुरुवातीचा पगार थोडाच असतो, पण हातात कसब आले तर दुसऱ्या गावातही त्याला मोल येते. गणितात मिलिमीटर आणि दशांश चिन्ह पक्के हवे, अक्षर स्वच्छ हवे, आणि बहिऱ्या आजीशी तिसऱ्यांदाही न चिडता बोलता आले पाहिजे.

पुढे शिकण्याचे मार्गही आहेत. बारावी विज्ञान शाखेतून झालेल्यांना ऑप्टोमेट्रीची पदवी घेता येते. हैदराबाद येथे १९८७ साली सुरू झालेल्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने खेड्यातल्या बारावी झालेल्या मुलामुलींना सुमारे एक वर्षाचे शिक्षण देऊन त्यांच्याच भागातल्या दृष्टिकेंद्रांवर नेमण्याची पद्धत बसवली. असे एक केंद्र सुमारे ५०,००० वस्तीसाठी असते. दुकानात वर्ष-दोन वर्षे काढलेल्याला पुढचा अभ्यास सोपा जातो. शिक्षणाशिवाय मात्र मदतनिसाने नंबर काढण्याच्या भरीस पडू नये, मालकाने सांगितले तरीही.

चष्मा घेताना आणि वापरताना

नंबराचा कागद स्वतःजवळ जपून ठेवा, दुकानात सोडू नका. पी.डी. त्यावरच लिहून घ्या. तुमचे काम कोणते आणि ते किती अंतरावरून करता हे न विचारताही सांगा. चष्मा ताब्यात घेण्यापूर्वी त्याचा नंबर तुमच्यासमोर लेन्समीटरवर तपासायला सांगा. तसे सांगण्यात संकोच कसला? तागडीचा काटा आपण पाहतोच ना! नव्या चष्म्याची सवय व्हायला काही दिवस लागतात. आठ-दहा दिवसांनंतरही डोके दुखत असेल तर पेटीत न टाकता तो घेऊन दुकानात जा आणि मापे पुन्हा तपासून घ्या. तेवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांकडून नंबर तपासून घ्या.

शेतातून आल्यावर धुळीची काच पदराने किंवा धोतराने पुसू नका, मातीचे कण ओरखडे पाडतात. आधी पाण्याने धुवा, थोडा साबण लावा, मग मऊ सुती कपड्याने टिपा. दोन्ही हातांनी काढा-घाला. काच खाली टेकेल असा ठेवू नका. ट्रॅक्टरवर उन्हात पडू देऊ नका. स्क्रू सैल झाला तर दोरा बांधण्याऐवजी पुढच्या बाजाराच्या दिवशी तो घट्ट करून आणा. ते काम बहुतेक दुकानांत फुकट होते, आणि चांगला मदतनीस ते करताना तुमच्या डोळ्यांचीही चौकशी करील.